अनुसूयेच्या चुळबुळीचा पंचनामा

वीस ओळी शुद्धलेखन, पाच गणितं आणि एक पाढा. एवढ्या घरच्या अभ्यासाला चौथीतल्या मुलीला किती वेळ लागावा, हे मी हिंगोलीतल्या पुष्कळ शहाण्या माणसांना विचारलं. कुणी अर्धा तास म्हणालं, कुणी तास म्हणालं. आमच्या अनुसूयेला तीन महिने झाले तरी तो पुरा होत नाही, हे सांगितल्यावर ह्याच शहाण्या माणसांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तो अभ्यास मलाच दिला होता आणि मीच तो बुडवून बसलो होतो.

इथेच माझा पहिला आक्षेप आहे. मुलीनं अभ्यास केला नाही तर गाव बापाला जाब विचारतं. केला असता तर आईच्या वळणाचं कौतुक झालं असतं. हा कुठला न्याय?

तर निजामाच्या राज्यातल्या फसली तेराशे पन्नास सालातली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चाळीसच्या सुमाराची ही गोष्ट. मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई, निर्मलाबाई, एके दिवशी स्वतः आमच्या ओट्यावर आल्या. हातात अनूचा कित्ता होता. त्यांनी तो माझ्यापुढे उघडून धरला. पहिल्या तीन ओळी सुरेख होत्या. चौथी ओळ अर्धीच होती आणि उरलेल्या पानावर एक कावळा काढलेला होता.

"बंडोपंत, हा कावळा बघा," बाई म्हणाल्या.

"छान आहे," मी म्हणालो. कावळा खरोखरच छान होता. पण बाईंचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं, की त्या दाखवायला नव्हे, तक्रार करायला आल्या आहेत.

"पुढच्या महिन्यात मोहतमिम साहेबांचा मुआयना आहे," बाई म्हणाल्या. मोहतमिम म्हणजे शाळा तपासणारा बडा अंमलदार, आणि मुआयना म्हणजे त्याची तपासणी. "चौथीत सहा मुली. पाच जणींचे कित्ते पुरे आहेत. अनुसूया वर्गात बसत नाही, घरी लिहीत नाही. मुआयन्याआधी तिचा कित्ता पुरा झाला नाही, तर मला तिचं नाव हजेरीतून कमी करावं लागेल. मला काय ह्यात आनंद आहे?"

मी तहसील कचेरीत अहलकार. चौदा वर्षं कारकुनी केलेला माणूस. ही शाळा उघडली त्या दिवशी स्त्रीशिक्षणावर तिथे भाषण कुणी केलं? मी केलं. पाऊण तास केलं. आता त्याच शाळेतून माझ्याच मुलीचं नाव कमी होणार! आणि मुलींची दुसरी शाळा काही कोपऱ्यावर नव्हती. एकदा नाव गेलं की मुलगी घरात, आणि घरात बसलेल्या मुलीला आपल्याकडे दुसरं काय ठेवलेलं असतं, ते सांगायला शेजारच्या गंगूताई पाव घटकेत हजर झाल्या.

"नाव कमी व्हायलंय म्हणे? बरंच झालं की. पोर नऊ वर्षांची झाली. डोंगरकडा गावाला माझ्या दिराचं पोरगं आहे. घरचं चांगलं आहे. बघता का?"

मी गंगूताईंना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दाराआड अनू उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "मी उद्या सगळं करीन. सगळं म्हंजे सगळं."

मुलगी खोटारडी असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती मनापासून बोलत होती. रोजच मनापासून बोलायची.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो आणि तिच्यासमोर बैठक मारून बसलो. बाप समोर बसला की पोर बसतं, असं मला वाटत होतं. पहिली ओळ झाली. मग पाणी प्यायचं होतं. दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द झाला. मग रस्त्यातून कल्हईवाला गेला, तो कुणाकडे थांबतो ते बघायचं होतं. परत आली तर बोरू मोडला. बोरू तासायला चाकू हवा. चाकू आणायला परसात गेली ती, भोपळ्याच्या वेलाला तेवीस कळ्या आल्यात असं सांगत आली. चाकू? चाकू विसरला. चाकू आणायला गेली ती मांजर घेऊन आली. दिवेलागणीपर्यंत अडीच ओळी झाल्या होत्या. दौत एकदा माझ्या धोतरावर आणि एकदा सतरंजीवर लवंडली होती.

मी ओरडलो. कुणीही ओरडला असता. आमच्या कुटुंबानं, नर्मदाबाईनं, स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "तिला ओरडू नका. मी कळ्या मोजून आले. तेवीसच आहेत."

अनूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी न्हाई उठत अण्णा. पाय उठतात. मी त्यांना बस म्हणून राहिले, पण ते ऐकत न्हाईत."

चौदा वर्षांत असा जबाब मी कचेरीच्या एकाही मिसलीत, म्हणजे कागदांच्या बाडात, वाचला नव्हता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. पोरीला जवळ घ्यावं की फटका द्यावा हे न कळल्यामुळे मी धोतर बदलायला गेलो.

माझी खरी चूक पुढे झाली. ती म्हणजे ही गोष्ट मी ओट्यावर काढली. हिंगोलीत ओट्यावर काढलेली गोष्ट परत घरात नेता येत नाही. गंगूताईंनी ब्राह्मीचं तेल सांगितलं. कुणी ताईत सांगितला, कुणी मीठमोहऱ्या. आणि आमच्या शेजारी राहणारे किसनराव, कुरुंद्याचे मोठे हळदवाले जमीनदार, पान जमवत म्हणाले, "बंडोपंत, खोंड लई उधळाया लागलं तर आमी काय करतो? गळ्यात लोढणं बांधतो. लोढणं आलं की गरीब होतंय बघा. लेकराच्या मांडीवर वजन ठिवा. उठंलच कसं?"

"माझी मुलगी खोंड नाही, किसनराव!" मी ताडकन म्हणालो. अशा उपमेचा अपमान सहन करायला मी काही बसलेलो नव्हतो. संध्याकाळी मी पाट्यावरचा वरवंटा आणून अनूच्या मांडीवर ठेवला.

आणि सांगायला लाज वाटते, पण ती बसली! सहा ओळी लिहिल्या. एकही कावळा नाही. "बरं वाटतं अण्णा," असंसुद्धा म्हणाली. मी किसनरावांना हाक मारून दाखवलं. किसनराव उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "म्या काय म्हनलं व्हतं?" नेमका त्याच वेळी रस्त्यावरून माकडवाल्याचा डमरू वाजला. अनू उठली. आपल्या मांडीवर वरवंटा आहे, हे तिच्या लक्षात राहिलं नाही. तो कुठे पडला हे मात्र माझ्या लक्षात आठ दिवस राहिलं. उजव्या पायाचा अंगठा.

एक पाय जोड्यात आणि एक फडक्यात, असा मी कचेरीत गेलो. तहसीलदार साहेबांनी विचारलं, "क्या हुआ बंडोपंत?" मी म्हणालो, "शुद्धलेखन."

मग माझ्या ध्यानात आलं, की सगळा दोष रस्त्याचा आहे. कल्हईवाला रस्त्यावरून जातो, माकडवाला रस्त्यावरून जातो. मुलीला रस्ता दिसला नाही तर मुलगी उठेल कशाला? आमच्या भाड्याच्या घरात धान्याची कोठी होती. खिडकी नाही, फक्त वर छताजवळ एक झरोका. शुक्रवार होता, कचेरीला आणि शाळेला सुट्टी. मी कंदील लावला, पोती सरकवली, अनूला बसवलं आणि तिला एकटं वाटू नये म्हणून मीही आत बसलो. कोठीचं दार नुसतं लोटलं तर उघडत होतं, म्हणून नर्मदाबाईला सांगितलं, "बाहेरून कुलूप लाव आणि तासाभरानं उघड."

"तुमी पण आत?" तिनं विचारलं.

"मी पण आत," मी म्हणालो. कुलूप लागल्याचा आवाज आला.

तिनं किल्ली कमरेला खोचली आणि ती पलीकडच्या आळीत जमनाबाईकडे पापड लाटायला गेली. पापडाचं पीठ कुटून झालं की बायकांना घड्याळ उरत नाही. एक तास झाला. दीड झाला. अनूनं चार ओळी लिहिल्या, सगळी पोती मोजली, एका पोत्याला उंदरानं पाडलेलं भोक शोधलं आणि त्यात आपला बोरू घालून बघितला. बोरू आत राहिला.

तेवढ्यात कोठीच्या दारावर थाप पडली. कचेरीचा शिपाई अमरसिंग आला होता.

"अहलकार साब! साब ने याद किया है. अब्भी के अब्भी. वो सरहद की मिसल आपके पास है."

"येतो म्हणून सांग," मी आतून म्हणालो. "मी बंद आहे."

"बंद? किसने बंद किया?"

"मीच करून घेतलं."

अमरसिंग दाराला तोंड लावून हळू आवाजात म्हणाला, "साब, ये मैं बड़े साब को कैसा बोलूं?"

"तू कुलूप तोड!"

"सरकारी आदमी हूं साब. घर का ताला तोड़ने को हुकूम होना. लिखके देव."

तोपर्यंत आळी जमली होती. "बायकोनं कोंडलंय म्हणे!" हा गंगूताईंचा आवाज मी ओळखला. "बिजागरी काढा, बिजागरी!" हे किसनराव. माझ्या घरात, माझ्या कोठीसमोर, माझ्यावर चर्चा चालू होती आणि मला त्यात बोलायची सोय नव्हती. मी कित्त्याचं एक पान फाडलं. अनूनं दुसरा बोरू कुठून तरी काढून दिला. पानावर कुलूप तोडण्याचा रीतसर हुकूम लिहिला, सही केली आणि दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवला. अमरसिंगनं तो सावकाश वाचला, उलटून पाहिला आणि म्हणाला, "साब, इसके पीछे कौवा है."

मी हताश होऊन खाली बसलो. वर पाहिलं तर अनू नव्हती. पोत्यावर पोतं रचलेलं होतंच, ती त्यावरून चढून झरोक्यातून बाहेर गेली होती. मी ओरडेपर्यंत ती जमनाबाईच्या घरी पोचलीसुद्धा. पापडाच्या ताटांमधून वाट काढत आईच्या कमरेची किल्ली घेऊन परत आली आणि कुलूप काढलं. सबंध आळीला जे पाऊण तासात जमलं नाही ते तिनं एकटीनं केलं. लोकांनी तिची पाठ थोपटली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

अमरसिंगनं तो हुकूम मात्र पुरावा म्हणून साहेबांकडे नेला. साहेबांनी एका बाजूनं माझी सही वाचली, दुसऱ्या बाजूनं कावळा पाहिला, आणि मला एवढंच विचारलं, "घर में सब खैरियत?"

ह्यानंतर मी ठरवलं, की जे काम माणसानं होत नाही ते कागदानं करायचं. उर्दूत सुवाच्य अर्ज लिहिला. मजकूर असा, की सदर मुलीस एका जागी बसण्याची तकलीफ आहे. तरी घरचा अभ्यास थोडा थोडा तोडून देण्याची परवानगी व्हावी, आणि तोवर हजेरीतलं नाव कायम ठेवावं. आजही मी म्हणतो, ह्यात गैर काय होतं? पण निर्मलाबाई म्हणाल्या, "मला अधिकार नाही," आणि अर्ज वर पाठवला. वरून शेरा आला, डॉक्टरचा दाखला आणा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अनूची जीभ पाहिली, नाडी पाहिली.

"ताप?"

"नाही."

"खोकला? जुलाब?"

"नाही."

"मग आजार काय आहे?"

"बसत नाही."

"मग उभी राहू द्या!" असं म्हणून ते हसले. त्यांच्याकडे तापाचा छापील कागद होता, जखमेचा होता, साप चावल्याचासुद्धा होता. न बसण्याचा नव्हता. म्हणून त्यांनी अर्जावर लिहिलं, "रोग दिसत नाही. तहसीलीनं मौक्यावर चौकशी करावी."

आता तहसीलीत आलेला चौकशीचा कागद कुणाच्या टेबलावर येतो? माझ्या. त्यावर हुकूम होता: अहलकार बंडोपंत यांनी जागेवर जाऊन, पंच बोलावून, मुलीच्या चुळबुळीचा पंचनामा करावा. मी तडक साहेबांपुढे गेलो. म्हणालो, "साहेब, अर्जदार मीच आहे. मुलगी माझी आहे. मी स्वतःची चौकशी कशी करू?"

साहेब म्हणाले, "फिर तो आसानी है. दूर जाना नहीं पड़ेगा."

पुढल्या शुक्रवारी पंचनामा झाला. पाच पंच, त्यांत किसनराव अग्रभागी, डोक्याला नवा पटका. शिपाई म्हणून अमरसिंग. मधोमध पाट मांडून त्यावर अनूला बसवलं, पुढे कित्ता, दौत, बोरू. मी कोपऱ्यात कागद घेऊन बसलो. ठरलं असं, की घड्याळ लावून एक तास मुलीचं अवलोकन करायचं आणि जे आढळेल ते लिहायचं. मी मनात म्हटलं, तास कशाला, पाच मिनिटं पुरतील.

अनू बसली.

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, जी मुलगी जन्मल्यापासून वीस आकडे मोजेपर्यंत स्थिर राहिली नव्हती ती हनुवटी हातावर ठेवून तासभर बसली. का बसणार नाही? पाच पटकेवाले मिशीवर ताव देत तिच्याकडे टक लावून बघताहेत, बाप एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहितोय, अशी गंमत हिंगोलीत रोज कुठे होते? ती एका मिशीवरून दुसऱ्या मिशीकडे नजर फिरवत होती, तेवढंच. किसनराव तंबाखू थुंकायला दोनदा उठले. एक पंच भिंतीला टेकून घोरला. मी डोळ्यांनी खुणा केल्या, खोकलो. शेवटी न राहवून म्हणालो, "अनू, पाणी नको का तुला?"

"नको अण्णा."

"बाहेर बघ, कोण आलंय ते!"

"नंतर बघते."

बापानं पोरीला ऊठ म्हणून काकुळतीला यावं आणि पोरीनं ऐकू नये, अशी माझी दशा झाली. तासाभरात तिनं कित्त्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण त्याचा रकाना पंचनाम्यात नसतो. पंचांनी एकमतानं सांगितलं, "पोरगी जागची हलली न्हाई. चुळबूळ आढळली न्हाई." सरकारी कागद आहे, मी खोटं कसं लिहू? मी अर्ज खोटा केला असं माझ्याच अक्षरात, पाच सह्यांनिशी, मीच लिहून दिलं.

"बेस शांत लेकरू हाय की!" जाताना किसनराव म्हणाले. "उगंच बदनाम करून राहिले तुमी."

पंच गेले. अनू माझ्याजवळ आली. तिचं तोंड फुललं होतं. "अण्णा, आज मी नीट बसले की न्हाई?"

तिनं आयुष्यात पहिल्यांदा बापाचं सांगणं तंतोतंत पाळलं होतं. "बसलीस," मी म्हणालो. अर्ज फेटाळला गेला. मुआयन्याला बारा दिवस उरले होते.

मी हात टेकले. आठ दिवस अभ्यास हा शब्द काढला नाही. कचेरीतून येताना शाळेवरून यायचं ते मागच्या गल्लीतून येऊ लागलो. नवव्या दिवशी साहेब दौऱ्यावर गेले म्हणून लवकर घरी आलो, तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. नर्मदाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. कित्ता फळीवर उभा ठेवलेला. अनू उभी राहून एक ओळ लिहायची. लिहून झाली की तव्यावरची भाकरी टोपल्यात नेऊन ठेवायची. दुसरी ओळ, मग तुळशीला पाणी. एक गणित, मग गाईला कोंडा. आणि चुलीपासून आडापर्यंत येता-जाता तोंडानं पाढा. एका ओळीला एक काम. बसायचं म्हणून कुणी म्हणतच नव्हतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"पंच गेले त्याच दिवसापासून," नर्मदाबाई म्हणाली. "पोत्यावरून चढून किल्ली आणते, कळ्या मोजते, तर लिहीत काहून नसंल? म्हटलं, तिच्या पायांना पण काम देऊन बघावं."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठं? तुमी अर्ज केला."

मला संताप आला. ना कागद, ना शेरा, ना सही, आणि काम झालेलं! मी कित्ता हातात घेतला. पानामागून पान भरलेलं होतं. कावळा होता, पण शेवटी, कोपऱ्यात, बारीक. मी तो पुन्हा पुन्हा चाळला, आणि डोळ्यांत चुलीचा धूर गेल्याचं सांगून बाहेर आलो. निर्मलाबाईंनी दुसऱ्या दिवशी कित्ता तपासला आणि नाव हजेरीत ठेवलं.

मुआयन्याच्या दिवशी शाळेच्या अंगणात कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली होती. सहा मुली मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून बसल्या होत्या. आम्ही पालक कुंपणाच्या कडेला. किसनराव आले होते, गंगूताई आल्या होत्या. मोहतमिम साहेब शेरवानीत, डोळ्यांवर चष्मा. कित्ते पाहिले, मान डोलावली. मग तोंडी परीक्षा. पाच मुलींनी बसल्या जागी पाढे घडाघडा म्हटले.

"अनुसूया. औटकी."

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. भल्याभल्यांची जीभ तिथे अडखळते. अनूनं सुरुवात केली. "औट... सात... साडेदहा..." आणि थांबली. मी पाहिलं, तिनं दोन्ही हातांनी आपले गुडघे घट्ट दाबून धरले होते. सगळं बळ त्या पायांना बसवण्यात खर्ची पडत होतं, पाढ्याला उरत नव्हतं. निर्मलाबाईंचा चेहरा उतरला. साहेबांनी तिच्या नावावर पेन्सिल टेकवली. अनूनं मान वर करून कुंपणाकडे बघितलं. माझ्याकडे.

मी आत शिरलो. पालकांनी आत यायचं नाही, ही पाटी मीच मागल्या वर्षी लिहून दिली होती.

"साहेब, तिला चालत म्हणू द्या. येतं तिला."

"बैठके बोलने का कायदा है," साहेब म्हणाले. "मुआयने में लड़की अकेली इधर उधर घूमे, अच्छा नहीं दिखता."

"एकटी नाही फिरणार," मी म्हणालो.

आणि डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, अशा अवस्थेत मी, तहसीलीचा अहलकार, मुलीचा हात धरून कडुनिंबापासून घंटेपर्यंत चालू लागलो. सगळी हिंगोली कुंपणावरून बघत होती. चार पावलं झाली आणि अनूचा आवाज मोकळा सुटला. "चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस, साडेएकतीस, पस्तीस!" आम्ही वळलो. कुणी विचारलं नव्हतं तरी तिनं एकोणतिसाचा पाढा घेतला. ती पुढे, मी मागे, उपरणं सावरत. तो झाला तर पाऊणकी. शेवटी साहेबच हात वर करून म्हणाले, "बस बस, बेटी! पास!"

"अण्णा, आणखी एक फेरी?" अनूनं विचारलं.

हे सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटेल. पण दहा दिवसांनी मुआयन्याच्या शेऱ्याची नक्कल रीतसर तहसीलीमार्फत माझ्याच टेबलावर आली. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता: "चौथीच्या सहाही मुली पास. पैकी अनुसूया हुशार. मात्र तिचे वडील एका जागी थांबू शकत नाहीत. मुआयन्याच्या वेळी परवानगीविना अंगणात येरझाऱ्या घालताना आढळले. त्यांच्या चुळबुळीबाबत कचेरीनं त्यांचा जबाब घ्यावा."

मी! चौदा वर्षं एका गादीवर बसून त्या गादीला खड्डा पाडलेला माणूस! माझ्या सर्वांगाचा तिळपापड झाला. मी तिथल्या तिथे कागद ओढला आणि चार पानी जबाब लिहिला. वरवंट्यापासून कोठीपर्यंत आणि पंचांपासून डॉक्टरांपर्यंत एकालाही सोडलं नाही. शेवटच्या पानावर ठणकावून लिहिलं, की चुळबूळ माझी नसून मुलीची आहे. तिला बसून पाढा म्हणता येत नाही, म्हणून नाइलाजानं मी चाललो.

सही करण्याआधी सवयीप्रमाणे एकदा वाचून काढलं. शेवटच्या ओळीपाशी थांबलो. हा कागद वर गेला की पास झालेल्या मुलीची नव्यानं चौकशी लागणार, नवा हुकूम निघणार, आणि कुणीतरी तिला पुन्हा सतरंजीवर बसवून विचारणार. अमरसिंग समोर जबाबासाठी हात पुढे करून उभा होता. मी चारही पानं फाडली. मोहतमिम साहेबांच्या शेऱ्याखाली, माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात लिहिलं: "मजकूर खरा आहे. मला एका जागी बसवत नाही. मुलीचा ह्यात काही दोष नाही." आणि सही केली.